एका घरात एक

घरातून एकच नाव द्यायचं होतं, आणि रंजिलाच्या घरात आजारी मुलं दोन होती.

उमी नऊ वर्षांची, जयेश सहाचा. दोघांनाही सिकलसेल. सातपुड्याच्या त्या रांगेत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. पूर्वी त्याला नाव नव्हतं, एवढंच. खेळता खेळता मूल अचानक कळवळू लागायचं, बोटं सुजायची, डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे. काही मुलं मोठी होत, काही होत नसत. पुढे आजाराला नाव मिळालं आणि नावापाठोपाठ गोळ्या आल्या. खाली सोनखेडच्या सरकारी दवाखान्यातून आशाताई दर महिन्याला त्यांच्या नालखोरीच्या पाड्यावर चढून येई आणि घरोघरी गोळ्या देई. फारच दुखलं तर पोराला सोनखेडला न्यायचं. तिथे सलाईन लागे, कधी रक्ताची पिशवी चढे. मुलं बरी होत नसत, पण दिवस निघत होते.

मग केळबारीला केंद्र आलं.

केळबारी म्हणजे नालखोरीच्या वरचं पठार. तिथे एक आश्रमशाळा, दोन चहाच्या टपऱ्या आणि भणाणणारा वारा याखेरीज काही नव्हतं. आता तिथे पांढरीशुभ्र दोन मजली इमारत उभी राहिली. छप्परभर सौर पत्रे, आत थंडगार काचेच्या खोल्या, आणि रोज सकाळी रक्ताचे नमुने घेऊन शहराकडे उडणारं ड्रोन. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांतही अजून न मिळणारा उपचार इथे फुकट मिळणार होता, कारण ज्यांना तो हवा होता ती मुलं इथेच होती.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर ऋचा नगरकर. वय पस्तीसच्या आत, उन्हाने रापलेला चेहरा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. येण्याआधी वर्षभर त्या इथली भिलोरी शिकत होत्या. त्यांनी एकेका आईबापाला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. रंजिला आणि तिचा नवरा कुवरसिंग यांची पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "रक्त कुठे तयार होतं, माहीत आहे?"

"काळजात," कुवरसिंग म्हणाला.

"हाडांच्या आत. हाड फोडलं की मऊ मज्जा दिसते ना, तिथे. तिथल्या प्रत्येक पेशीत रक्त कसं बनवायचं त्याचा मजकूर असतो. तुमच्या मुलांच्या मजकुरात एक अक्षर चुकलंय. बस, एकच. त्यामुळे रक्तातल्या गोल, मऊ पेशी मध्येच कोयत्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे दुखतं. आम्ही ते अक्षर दुरुस्त करतो."

"हाडात शिरून?"

"आम्ही नाही शिरत. एक विषाणू शिरतो. त्याच्यातला आजार करणारा भाग आम्ही काढून टाकलाय आणि त्या जागी दुरुस्तीचं सामान भरलंय. सलाईनमधून तो आत सोडायचा. तो वाट काढत मज्जेपर्यंत जातो आणि सामान तिथे उतरवतो."

कुवरसिंग केळबारी ते सोनखेड अशी जीप चालवायचा. तो हसला. "म्हणजे आमच्या गाडीसारखंच. माल उतरवला की गाडी रिकामी."

"अगदी तसंच. फक्त ही गाडी परत येत नाही. शरीर तिला मोडून टाकतं. आणि मोडताना तिची खूण लक्षात ठेवतं. म्हणून हे औषध आयुष्यात एकदाच देता येतं. दुसऱ्यांदा दिलं, तर शरीर गाडी ओळखतं आणि मज्जेपर्यंत पोचायच्या आत तिचे तुकडे करतं."

रंजिलाने विचारलं, "मग मूल पुरतं बरं होतं?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "पुरतं."

एवढा मोठा शब्द तिच्या मुलांबाबत आजवर कुणी वापरला नव्हता.

अडचण एकच होती. औषध बनायला फार वेळ लागे. पहिल्या वर्षी जेमतेम चाळीस मुलांपुरतं येणार होतं आणि आजारी मुलं त्याच्या कितीतरी पट. कुणाला आधी, यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून केंद्राने गावोगावचे कारभारी बोलावले, दोन दिवस बैठक बसली आणि एक नियम ठरला. पहिल्या फेरीत एका घरात एक. जास्तीत जास्त घरांना लाभ मिळेल. राहिलेल्या भावंडांना पुढच्या फेरीत. नियम सगळ्यांना पटला. रंजिलालाही पटला.

*

अंगणात कैरीच्या फोडी वाळत घातल्या होत्या. रंजिला त्या उलटवत होती आणि कुवरसिंग जीपचं चाक बदलत होता.

"जयेशचं नाव देऊ," तो म्हणाला.

"का?"

"लहान आहे तो. उमी झेलते. त्याला झेलता येत नाही, ओरडून ओरडून निळा पडतो."

"ती झेलते म्हणून तुला दिसत नाही," रंजिला म्हणाली. "गेल्या वर्षात दोनदा तिची छाती भरली. दुसऱ्यांदा सोनखेडच्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन काय सांगितलं, ठाऊक आहे ना? तिच्याजवळ वेळ थोडा आहे. जयेश वर्षभर थांबू शकतो."

"आणि नाही थांबला तर?"

"गोळ्या आहेत. सोनखेड आहे."

"लोक म्हणतील, मुलगा सोडून मुलगी नेली."

"म्हणू देत."

कुवरसिंग वाईट माणूस नव्हता. त्याने पान्हा खाली ठेवला आणि चाकाला टेकून बसला. त्याचंही दोघांवर प्रेम होतं आणि त्यातलं एक निवडायचं म्हणजे दुसऱ्याला काहीतरी सांगावं लागणार होतं. तेवढ्यात दारातून उमी म्हणाली, "जयेशला द्या. मी थांबते." ती सगळं ऐकत उभी होती.

"तू गप्प बस," रंजिला म्हणाली. "हे पोरींनी ठरवायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी तिने उमीचं नाव दिलं. डॉक्टरांनी तपासण्या बघितल्या आणि म्हणाल्या, "बरोबर निवडलंत. मी असते तरी हिलाच निवडलं असतं."

उमी पंधरा दिवस केंद्रात होती. पहिले काही दिवस ताप, उलट्या, मग हळूहळू भूक. तिला घरी पाठवताना डॉक्टरांनी पुन्हा सगळं नीट बजावलं. औषध घेतलेल्या मुलाच्या थुंकीतून, घामातून, शौचातून तो विषाणू काही दिवस बाहेर पडत राहतो. त्याने कुणाला आजार होत नाही. पण जवळच्या माणसाच्या अंगात तो थोडा जरी गेला, तर त्याचं शरीरही ती खूण शिकून बसेल. शहरात ज्यांच्यावर चाचण्या झाल्या, त्यांच्या अंगातून तो दहा दिवसांत नाहीसा झाला होता. "आपण इथे सावधगिरी म्हणून घरी महिनाभर पाळू. जयेशला तिच्यापासून लांब ठेवा. ताट, पाणी, अंथरूण, सगळं वेगळं."

घर एका खोलीचं. कुवरसिंगने जीपच्या पडवीला कुडाची भिंत घातली आणि उमीची खाट तिथे टाकली. रंजिला तिचं ताट दुरून सरकवी. जयेशला काही कळेना. तो अंगणाच्या या टोकाला उभा राहून बहिणीला हाका मारी आणि ती पडवीतून हात हलवी.

महिना सरत आला असताना एका दुपारी जयेशचे पाय धरले. रंजिलाने पाणी गरम केलं, फडकी बुडवून शेकलं, गोळी दिली. तो शांत होईना. दुखू लागलं की आजवर त्याचे पाय उमी चोळायची. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, अंगठ्यांनी, न थांबता. तिला स्वतःला कुठे बरं वाटतं ते ठाऊक होतं, म्हणून तिला ते जमे. रंजिलाचा हात लागला की तो आणखी किंचाळे. "उमी पाहिजे, याहा, उमी पाहिजे," एवढंच. आईला ती मुलं याहा म्हणत.

उमी पडवीच्या दारात आली. मग अंगणात आली. मग उंबऱ्यावर.

रंजिला हातात पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. तिने मुलीकडे बघितलं आणि ती वाटेतून बाजूला झाली. उमीने भावाचे पाय मांडीवर घेतले. थोड्या वेळाने त्याचं किंचाळणं हुंदक्यांवर आलं, मग तो झोपला. रंजिलाने दोघांना तसंच राहू दिलं.

*

पुढचं वर्ष चांगलं गेलं. उमीच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला आणि ते इतके पांढरे दिसू लागले की बाजारात बाया थांबून बघत. ती चालता चालता पळू लागली. ओढ्यावरून हंडा भरून चढ चढू लागली. आश्रमशाळेच्या शर्यतीत पहिली आली, तेव्हा केंद्राने तिचा फोटो काढून भिंतीवर लावला. रंजिला जयेशला सांगे, "पुढच्या वर्षी तू." जयेश म्हणे, "मी उमीपेक्षा जोरात पळेन."

त्याच वर्षात खाली सोनखेडला हळूहळू सगळं आवरलं जात होतं. कुणी मुद्दाम वाईट ठरवलं असं नाही. वर आजार मुळातून बरा करणारं केंद्र असताना खाली तो आजार निभावून नेणारी सोय कशाला, असा साधा हिशेब कुणीतरी दूरवर बसून केला. सिकलसेलच्या तपासणीचा ठरलेला वार बंद झाला. आशाताईला दुसरं काम दिलं. गोळ्यांचा पुरवठा आधी पातळ झाला, मग थांबला. रक्त साठवायचा फ्रीज जिल्ह्याला नेला, कारण तिथे तो जास्त वापरात राहणार होता. कुणी विचारलं की उत्तर मिळे, दोनेक वर्षांत सगळ्यांचीच पाळी लागणार आहे ना.

जयेशची पाळी लागली. औषध देण्याआधी रक्ताची एक तपासणी असते, ती झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर नगरकरांनी दोघांना आत बोलावलं. त्यांनी खुर्ची टेबलामागून काढून त्यांच्यासमोर आणून ठेवली होती.

"याला औषध देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "याच्या शरीराला खूण माहीत आहे."

कुवरसिंगला आधी अर्थच लागला नाही. "याला कुठे दिलंय तुम्ही? उमीला दिलं."

"उमीकडून आली ती याच्याकडे."

"महिनाभर वेगळी होती ती. भिंत घातली मी."

"हो. तुम्ही सांगितलं तेवढं सगळं केलंत. आमचाच अंदाज चुकला." त्यांचा आवाज बसला होता, त्या दिवशी हेच त्या पाचव्या घराला सांगत होत्या. "हा विषाणू मज्जेपर्यंत पोचावा म्हणून आम्ही त्याला चिवट बनवला. तो लवकर मोडू नये म्हणून. शहरातल्या चाचण्यांत धडधाकट, पोटभर जेवणारी माणसं होती, त्यांच्या शरीराने त्याला दहा दिवसांत संपवला. इथल्या मुलांची अंगं आधीच अशक्त, प्लीहा निकामी झालेली, पोटात जंत. या मुलांच्या शरीरात तो सहा सहा महिने राहिला. आम्ही ते मोजलंच नव्हतं. मोजायला हवं होतं."

"मग आता?"

"वेगळी खूण असलेला दुसरा विषाणू बनवावा लागेल. काम सुरू आहे. सात-आठ वर्षं तरी लागतील."

रंजिला खाली बघत होती. ती म्हणाली, "एका दुपारी मी त्यांना जवळ येऊ दिलं. महिना व्हायच्या आत. त्याचे पाय दुखत होते."

डॉक्टर चटकन पुढे वाकल्या. "रंजिलाताई, हे त्या एका दुपारी झालेलं नाही. नंतरचे पाच महिने दोघं एकत्रच होती की. ती दुपार झाली नसती तरी हेच झालं असतं. मला खात्री आहे."

"खात्री तुम्हाला दहा दिवसांचीही होती," रंजिला म्हणाली.

कुवरसिंगने मात्र सगळ्या बोलण्यातून 'एका दुपारी' एवढंच ऐकलं होतं. घरी जाताना तो जीप चालवत होता, जयेश मधे बसला होता, आणि त्याने सबंध वाटेत बायकोकडे एकदाही बघितलं नाही.

त्या आठवड्यात केळबारीच्या भोवतालच्या पाड्यांवर तपासलेल्या भावंडांपैकी जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात ती खूण सापडली. सगळ्यांना वाटा मिळावा म्हणून एका घरात एक असा नियम केला होता. सबंध घराला एकदम औषध दिलं असतं, तर कमी घरं बरी झाली असती, पण कुणाचं दार कायमचं बंद झालं नसतं. हे आता उघड बोलून दाखवायला कुणी धजत नव्हतं. बैठकीला बसलेले कारभारी एकमेकांना चुकवून चालू लागले होते.

*

उमी बदलली. ती पळायची थांबली. शर्यतीला नाव देईना. शाळेतून आली की जयेशजवळ बसे, त्याचे पाय चोळे, आणि आई जवळ आली की गप्प होई. एकदा तिने विचारलं, "मी नको म्हटलं होतं, आठवतं तुला?"

"आठवतं."

"मग?"

"तू मेली असतीस, उमी."

"मग मेले असते," बारा वर्षांची ती मुलगी इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की रंजिलाच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहून करपली.

गोळ्या आता कुवरसिंग जिल्ह्याहून आणे, मिळतील तेव्हा. कधी मिळत, कधी नाही. जयेश नऊ वर्षांचा होता आणि सहाचा वाटे.

होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराचा दिवस होता. पाड्यावर सकाळपासून ढोल वाजत होता. जयेशला रंगीत गॉगल हवा होता, म्हणून तो पहाटेच उठून बसला होता. तो एकाएकी छाती धरून खाली बसला. ओठ काळवंडले, श्वास तुटक तुटक येऊ लागला. रंजिलाने हे ओळखलं. उमीच्या वेळी तिने हे दोनदा बघितलं होतं. कुवरसिंगने जीप काढली आणि खाली न जाता आधी जवळच्या केळबारीला नेली.

डॉक्टर नगरकर धावत बाहेर आल्या. जयेशला काचेच्या खोलीत घेतलं, प्राणवायू लावला. यंत्रांनी क्षणात त्याच्या रक्ताचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "याला रक्त चढवायला हवं. आत्ता."

"चढवा," कुवरसिंग म्हणाला.

"इथे नाही ठेवत आम्ही. सोनखेडला..." त्या थांबल्या. सोनखेडला काय उरलंय, ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी जिल्ह्याला फोन लावला. रक्त होतं. ड्रोनने पाठवा म्हणाल्या. पलीकडच्या माणसाने सांगितलं की त्या ड्रोनला वरून नमुने खाली आणायची परवानगी आहे, रक्ताची पिशवी वर न्यायची नाही. ती परवानगी वेगळी असते, अर्ज करा.

"माझं घ्या," उमी म्हणाली. ती बाही वर सारून उभी होती. "आमचा गट एक आहे. तुम्हीच सांगितला होता."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिल्या. "औषध घेतलेल्यांचं रक्त दुसऱ्याला द्यायला मनाई आहे, उमी. त्यातून खूण जाऊ शकते म्हणून."

"त्याच्याकडे खूण आहेच की," उमी म्हणाली. "तीच तर माझ्याकडून गेलीय."

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले. "बरोबर आहे. घेऊ. काय व्हायचं ते माझ्यावर होईल." त्यांनी परिचारिकेला कपाट उघडायला लावलं. मग दुसरं उघडलं. मग सगळ्या खोलीतले खण ओढले. रक्ताचं अक्षर न्‌ अक्षर वाचणारी यंत्रं त्या इमारतीत होती. बोटभर रक्त घ्यायच्या नळ्या हजारांनी होत्या. रक्त साठवून चढवायची रिकामी पिशवी एकही नव्हती. तिची इथे कधी गरजच पडणार नव्हती.

"जिल्ह्याला न्या," डॉक्टर म्हणाल्या. "मी फोन करून ठेवते, ते अर्ध्या वाटेत गाडी पाठवतील. सिलिंडर घ्या. मी येते बरोबर."

कुवरसिंगने घाटात जीप घातली. डॉक्टर पुढे बसल्या होत्या, फोनवर ओरडत. मागे रंजिलाच्या मांडीवर जयेश आणि त्याच्या पायाशी उमी. बाजाराला निघालेली माणसं रस्त्याच्या कडेला सरकून वाट देत होती, बाया गोंडे लावून, पोरं पिपाण्या वाजवत. तिसऱ्या वळणावर जयेशचा श्वास थांबला. रंजिलाला तिच्या तळहाताखाली ते कळलं. उमीला कळलं, तिने चोळता चोळता हात थांबवला आणि आईकडे बघितलं. रंजिलाने मान हलवून तिला गप्प राहायला सांगितलं.

पुढे घाट फार वाईट होता. कुवरसिंग एका हाताने हॉर्न दाबत होता आणि मोठ्याने म्हणत होता, "आलं, जयेश, आलं हं, थोडंच राहिलं." रंजिला त्याला दर वळणावर "हो" म्हणत राहिली. सपाटी लागेपर्यंत तिने त्याला सांगितलं नाही.

*

त्या वर्षाअखेर नालखोरीच्या वेशीवर एक निळा फलक लागला. सिकलसेलमुक्त पाडा. ते खोटंही नव्हतं. चार मुलं बरी झाली होती. ज्यांना औषध चाललं नाही अशी तीन होती. त्यांतलं एक जयेशच्या आधीच गेलं, एकाचे आईबाप त्याला घेऊन गुजरातला ऊसतोडीला गेले ते परत आले नाहीत, आणि तिसरा जयेश. आजारी मूल पाड्यावर उरलं नव्हतं. फलक लावताना पाहुणे आले, नारळ फुटला, बरी झालेली मुलं पुढे उभी केली. उमी घरातून बाहेर आली नाही.

केळबारीचं केंद्र बंद झालं. इथे आता औषध द्यावं असं कुणी राहिलं नव्हतं. यंत्रं पलीकडच्या रांगेत नव्या इमारतीत गेली, डॉक्टर नगरकरही गेल्या. जाण्याआधी त्या भेटायला आल्या. म्हणाल्या, "नव्या केंद्रात मी एक महिन्याऐवजी सहा महिन्यांचा नियम लावून घेतलाय. सगळ्या घराला एकदम द्या म्हणून भांडले, ते नाही मिळालं. औषध तेवढं नाही." रंजिलाने त्यांना पाणी दिलं. ते पिऊन त्या उठल्या.

कुवरसिंग जीप सोनखेडलाच लावू लागला. आठवड्यातून एकदा येई, धान्य टाकून जाई. त्याने बायकोला कधी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त एकदा जेवता जेवता म्हणाला, "मी त्याचं नाव घेतलं होतं." आणि अर्धं ताट सरकवून उठला.

उमी पुढच्या शिक्षणासाठी जिल्ह्याच्या वसतिगृहात गेली. एसटीत चढताना तिने आईच्या हातून पिशवी घेतली. "सुट्टीत येशील ना?" रंजिलाने विचारलं.

"मी घरात आले की तुम्हाला दोघांनाही तोच दिसतो," उमी म्हणाली. "मला बघताना तुम्ही मला बघतच नाही." गाडी सुटली. ती धडधाकट, उंच, दाट वेणीची मुलगी खिडकीशी बसली होती आणि तिच्यात आजाराची खूणही उरली नव्हती. रंजिलाला हवं होतं ते सगळं झालं होतं.

*

होळी होऊन गेल्यावर पलीकडच्या रांगेतून एक बाई आली. ममता पाडवी नाव. बरोबर चार वर्षांची मुलगी, कडेवर झोपलेली. पहाटेपासून चालून आली होती. पाणी प्यायली आणि थेट म्हणाली, "तुझ्या घरात दोन होती असं ऐकलं."

"होती."

"माझीही दोन आहेत. थोरला आठचा, त्याची छाती भरते. आणि ही रोशनी. नवीन केंद्रात एकच घेतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, एकाला दिलं तर दुसरं सहा महिने घरापासून लांब ठेवायचं. नाहीतर त्याला परत कधीच नाही. मला माहेर नाही. नवऱ्याचा भाऊ घेत नाही. त्याच्या घरीही आजारी पोरं आहेत, कुणाला केंद्राचा बोलावा आलाय, कुणी वाट बघतंय." तिने पदराने मुलीचं तोंड पुसलं. "कुणाला नेऊ, सांग. तू निवडलं होतंस ना?"

रंजिला उठून चुलीकडे गेली, लाकूड सारलं, परत आली.

"कोण जास्त आजारी?"

"थोरला."

"मग त्याला ने."

"आणि हिला?"

"हिला माझ्याकडे ठेव."

ममताला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "सहा महिने?"

"जास्तच. डॉक्टरबाई सांगतील तोवर, आणि वर आणखी दोन महिने. माझ्या घरात कुणी आजारी नाही. कुणी औषध घेतलेलं राहत नाही." शेवटचं वाक्य बोलताना ती क्षणभर अडखळली, पण बोलली.

ममता रडू लागली. तिने रंजिलाच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, रंजिलाने पाय मागे घेतले.

"मी मधून मधून येऊन बघून जाईन," ममता म्हणाली.

"नाही."

"दुरून. अंगणातून."

"तू त्याच्याजवळ झोपशील, त्याचं अंग पुसशील. तुझ्या हाताला, लुगड्याला ते असेल. अंगणात आलीस की ही धावत येईल आणि तू तिला उचलशील. उचलशील की नाही?"

ममताने मुलीला आणखी जवळ ओढलं.

"म्हणून यायचं नाही. निरोप पाठव. मी निरोप देईन."

ऊन कलायला लागलं, तशी ममता उठली. रोशनी जागी होऊन अंगणातल्या कोंबडीमागे धावत होती. आई एकटीच उतरणीला लागलेली तिने बघितली आणि ती धावली. रंजिलाने तिला कुंपणापाशी पकडलं. मुलगी किंचाळू लागली, लाथा झाडू लागली. खाली वाटेवर ममता थांबली. तिने मागे बघितलं. एक पाऊल वर टाकलं.

"जा," रंजिला ओरडली. "वळू नकोस. जा."

ममता तशीच उभी होती. मग ती वळली आणि चालू लागली. मुलगी आईच्या नावाने गळा काढून रडत होती. सबंध पाड्यावरून माणसं दारांत येऊन बघत होती. रोशनीने रंजिलाच्या मनगटाला दात लावले आणि कडकडून चावली. रक्त आलं. ममता खिंडीपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत रंजिलाने हात सैल केला नाही.